चित्रातला धूर

मंगळ, ९ सप्टें.
जाम धक्का. इथल्या अमेरिकन म्युझियमच्या लॅबमध्ये माझ्या लाडक्या नदीच्या पेंटिंगचा इन्फ्रारेड फोटो बघितला, रंगाखालचं दाखवणारा. दीडशे वर्षांपूर्वीचं चित्र. रिकामा काठ, सोनेरी आकाश. टूर देताना मी सगळ्यांना सांगते, "हे पहाटेचं धुकं." धुकं कसलं डोंबलाचं! रंगाखाली झोपड्या आहेत. इथल्या मूळ, नेटिव्ह लोकांचं अख्खं गाव. पेंटरने स्वतःच वरून रंग फासलाय. चुलींचा धूर तेवढा राहिला.
म्हणजे 'इथे कुणी नव्हतंच, देवाने आम्हाला दिलेला देश' हे गोऱ्यांनी असं बनवलं. आणि शाळेत 'डिस्कव्हर्ड अमेरिका' घोकून मार्क घेतलेली मी.

गुरु, ११
चित्राचं लेबल लिहून लिंडाला दिलं. शेवटचं वाक्य: 'इथे माणसं होती. चित्रकाराने त्यांना झाकलं.'
लिंडा क्युरेटर, माझी बॉस. म्हणाली, "खरंय. पण चित्र अजून मिसेस हॅरिसचं आहे, आपल्याकडे नुसतं उसनं. म्युझियमला दान द्यायच्या पेपर्सवर त्यांची सही अजून व्हायचीय. वाक्य काढ. सोमवारी प्रिंटला जातंय."

शुक्र, १२
रूममेट सायली, नागपुरी तोफ: "काढून टाक ना बे! पुढच्या सेमची असिस्टंटशिप लिंडाच्याच हातात आहे. फी काय तो पेंटर भरणार?"
हसले. मग वाक्य काढलं. परत टाकलं.

रवि, १४
मिसेस हॅरिसना फोन केला. लेबल छापायच्या आधी लॅबमध्ये येऊन बघाल का? मोठ्या माणसाला आधी एकटं गाठून सांगायचं, मग चारचौघांत, एवढंच डोक्यात होतं. सायली ओरडली, "अगं, बॉसला बायपास केलंस तू! इथे असं चालत नाही यार."
लिंडाला आधी विचारायचं, हे का नाही सुचलं...

सोम, १५
लॅबबाहेरच्या बाकावर.
आल्या त्या, काठी टेकत. लिंडा माझ्याकडे बघतही नव्हती. स्क्रीनवरच्या झोपड्यांवरून बाईंनी एकेक करून बोट फिरवलं. म्हणाल्या, "माझा नवरा दर रविवारी या चित्रासमोर बसायचा. म्हणायचा, बघ, आपली जमीन. कुणाचं पाऊलसुद्धा नाही पडलेलं." मग म्हणाल्या, "तुम्ही दोघी जरा बाहेर जाल?"
लिंडाचा फोन वाजतोय. प्रिंटरवाला. "कुठलं लेबल पाठवू?" लिंडाने विचारलं, पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघून.
"माझं," म्हटलं.
फोन तसाच तिच्या हातात. आतून काठीचा आवाज येतोय, दाराकडे की परत चित्राकडे, कळत नाही.