चुना जास्त झालेला विडा

चिखली, माघ, शके १८६१

कोकिळाबाईंस नमस्कार,

परवा बाजारात भेटलात, तेव्हा तुमचा विडा घेऊन मी तसाच घरी आलो. पस्तीस वर्षांपूर्वी मी तुम्हाला पाहायला आलो, ते कवितेतल्या वेषांतर केलेल्या राजपुत्राच्या थाटात. नवरदेवाच्या जागी माझा दोस्त कडूबा याला बसवलं, आणि त्याचा मित्र म्हणून मी कोपऱ्यात. तुम्ही सगळ्यांना विडे दिलेत. मग सोंग उघडं पडलं. तुमच्या वडिलांनी आम्हाला हाकललं. थट्टा झालेली पोर म्हणून तुम्हाला मग स्थळच येईना; शेवटी पिंपळगावच्या बिजवराला दिलं.

तेव्हापासून मी लग्न केलं नाही, विडा खाल्ला नाही, शाळेबाहेर कविता म्हटली नाही.

आणि परवा तुम्ही हसून म्हणालात, “मले तं तवाच समजलं होतं, मास्तर! म्हून तं तुमच्याच इड्यात चुना जास्त लावला. तोंड भाजलं का नाही? झाली फिटंफाट. माहा संसार चांगला झाला. घ्या, हा इडा गोड हाये.”

भाजलं होतं. चार दिवसांत बरंही झालं होतं.

तुमचा विडा आज तोंडात घातला. चव लागली नाही. पुन्हा भेटलात तर गोड होता, असंच सांगेन; हे पत्र टाकणार नाही.

इतकंच.
निवृत्ती मास्तर