वेन्याच्या रचनेचं शेवटचं पान

लेनिनग्राद, १२ ऑक्टोबर

लुकेर्याताईस धाकट्या येफीमचा नमस्कार.

तुझा सफरचंदाचा मुरंबा पोचला. मी ठणठणीत आहे. कधीकाळी पियानो वाहणाऱ्या या हमालाला आता ते सुरात लावायला लोक घरी बोलावतात. तुझा गुडघा कसा आहे? धुराडं दुरुस्त झालं का?

वेन्या गेल्यापासून त्याच्या रचनेबद्दल तू तीनदा विचारलंस, आणि तिन्ही वेळा मी तुला हवापाणी कळवलं. आता खरं लिहितो.

आम्ही दुर्मीळ स्वरलिपी जमवणारे लोक एकमेकांना वह्या उतरवून घ्यायला देतो, पण शेवटचं पान स्वतःकडे ठेवतो, म्हणजे घेणारा परत येतोच. तुझ्या लेकाची एकुलती एक प्रत मी आमच्यातल्याच इनोकेंतीला तशीच दिली आणि स्वतःला फार हुशार समजलो. उन्हाळ्यात इनोकेंती वारला. त्याच्या बायकोने खोलीच्या भिंतींना नवा कागद लावला, आणि त्याखाली अस्तर म्हणून घरातली सगळी रद्दी, त्या वहीसकट, खळीने चिकटवली.

"अहो भावजी, त्या वहीला शेवटच नव्हता! मला वाटलं, कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं असेल," ती म्हणाली.

मी चाकूने भिंत खरवडली. शाई खळीत विरघळून गेली होती.

ताई, पान सोबत पाठवतोय. पियानोवर ठेवशील तेव्हा एवढं बघ, त्यावरचा पहिला सूर नव्याने वाजवायचा नाही. तो आधीच्या पानावरून धरून आणायचा आहे. कुठून धरायचा, ते मला सांगता येत नाही.

तुझा अपराधी भाऊ,
येफीम