आमच्या तळ्यावर कुणी भांडत नाही

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. वसतिगृहातली खोली होती तशीच आहे, फक्त खिडकीतली कुंडी माझी वाट पाहून वाळून गेली. तुझ्या औषधाच्या दुकानामागच्या खोलीत पसारा मांडून, तुझ्या हातचं खाऊन, गावभर प्रश्न विचारत हिंडून मी जे गोळा केलं, त्याचा लेख तयार झाला. प्रत सोबत आहे.

सरकार किंवा कुणी मालक मध्ये न पडता एखादं गाव आपलं तळं कसं सांभाळतं, हा माझ्या संशोधनाचा विषय तुला आता पाठ झाला असेल. आमच्या सरांचा सिद्धांत असा, की जिथे लोकांचा एकमेकांवर विश्वास असतो तिथे पाणी, गवत, मासे टिकतात. असं गाव ते कधीचे शोधत होते. तुमचं सापडल्यावर त्यांना इतका आनंद झाला, की त्यांनी पहिल्यांदाच मला बसायला खुर्ची दिली.

काकांच्या गळाला एव्हाना मासा लागला असेल तर कळव. नसेल तर त्यांच्यासमोर विषय काढू नकोस. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
भिंगरी


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

लेख पोचला. गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा काउंटरवरच वाचून काढला. फार सुंदर गाव आहे. कुठे आहे ते कळवलंस तर मी आणि तुझे काका तिथे राहायला जाऊ म्हणतो.

अगं, विश्वास कसला? चटया विणणाऱ्या शेजारणीने ठरल्यापेक्षा जास्त लव्हाळा कापला, म्हणून मी तळे समितीची अध्यक्ष या नात्याने तिचा कोयता जप्त केला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. तू इथे होतीस तेव्हा आमचे निरोप तूच पोचवत होतीस, विसरलीस? लव्हाळा कमी कापा म्हणून जाळेवाला आणि त्याची बायको तिच्याशी भांडतात, कारण मासे लव्हाळ्याच्या मुळाशी अंडी घालतात. तो वाढला तर तळं बुजेल म्हणून ती त्यांच्याशी भांडते. दोघांचंही खरं आहे, म्हणून तर मिटत नाही.

विणीच्या काळात कुणी पाण्यात उतरत नाही, हे तू बरोबर लिहिलंस. पण ते ‘निसर्गाविषयीच्या आदरामुळे’ नव्हे. दुर्बीणवाले आजोबा गच्चीवर बसलेले असतात, म्हणून. जाळेवाल्याने होडी नुसती धुवायला काढली तरी ते समितीकडे तक्रार ठोकतात. आमच्याकडे कुणाचा कुणावर काडीचा विश्वास नाही, आणि तळं त्यामुळेच शिल्लक आहे. शाळेच्या हॉलमधल्या वार्षिक सभेत जो आरडाओरडा होतो तो तू रेकॉर्ड केला होतास. तो कुठे गेला?

काकांच्या गळाला काल चप्पल लागली. जोडीची दुसरी ते शोधताहेत. तब्येत सांभाळ, आणि आमच्यावरचा राग असेल तर तोही प्रेमानेच कर.

तुझी,
मावशी


२ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र सरांना वाचून दाखवलं. ते मनापासून हसले. तुझी मावशी फार गोड आहे म्हणाले, पण भांडण ही काही माहिती नसते, तो माहितीतला गोंगाट असतो. मी सभेचं रेकॉर्डिंग ऐकवलं, तर त्यांनी आवाज कमी करायला सांगितलं.

भांडणांवर मी चांगली दोन पानं लिहिली होती. सरांच्या हातून गेल्यावर त्यांची ‘किरकोळ मतभेद वगळता’ एवढी तळटीप उरली. मीही फार ताणून धरलं नाही. लेख छापून यावा असं मलाही वाटत होतं, आणि तो आला आहे! तळ्यांचं काम पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या मोठ्या साहेबांनी सरांना फोन करून अभिनंदन केलं. आमचे लेख आम्हीच लिहितो आणि आम्हीच वाचतो. सरकारी माणसाने वाचावा, ही केवढी मोठी गोष्ट!

रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र मात्र पाठव.

तुझी,
भिंगरी


११ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख सरकारी माणसाने वाचला ही खरोखरच मोठी गोष्ट आहे. काल त्यांनी तळ्याला कुंपण घातलं.

फाटकावर आदेश चिकटवला आहे. माझ्या हातात जी प्रत दिली, तिला तुझा लेख जोडलेला आहे आणि काही ओळींखाली लाल रेघा आहेत. लोक तळ्याचा वापर फारच थोडा करतात, आपणहून अंतर राखतात, त्यांच्यात वाद नाहीत, सबब तळं संरक्षित केल्यास कुणाची हरकत असण्याचं कारण नाही, असं त्यात म्हटलं आहे. वाचताना मला क्षणभर पटलंसुद्धा, इतकं नीट लिहिलं आहेस.

शेजारणीचा माग रिकामा पडला आहे. जाळेवाल्याची होडी कुंपणाच्या आत राहिली. त्याची बायको सकाळी येऊन तारेला हात लावून उभी राहते आणि मग घरी जाते. पहारेकरी डुलक्या काढतो, अशी आजोबांनी कुणाकडे तक्रार करावी ते त्यांना कळत नाही. शेजारीण माझ्याशी बोलायला लागली. पहिलंच वाक्य तुझ्याबद्दल होतं, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

पुढच्या महिन्यात हरकतींवर सुनावणी आहे. तू अमुक कर असं मी सांगणार नाही. पण काय करणार आहेस ते कळव.

तुझी,
मावशी


२० जून

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन तशीच सरांकडे गेले. आपलं काम फक्त निष्कर्ष काढायचं असतं, खात्याने त्याचं काय करावं ते आपण कसं सांगणार, असं ते म्हणाले. पुढच्या प्रकल्पाचा खर्च तेच खातं उचलणार आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. ते मला टंकलेखक बाईंनी सांगितलं. शेवटी सरांनी जवळ बसवून समजावलं, की प्रबंध आधी सादर कर, सदसद्विवेकबुद्धी नंतरही सादर करता येते.

सुनावणीच्याच दिवशी सरांनी माझं विद्यापीठाच्या समितीपुढचं सादरीकरण ठेवलं आहे. योगायोग म्हणे. ते चुकवलं तर माझं नाव कमी होईल. मावशी, मी इतकी शूर नाही की सगळं सोडून बसमध्ये बसेन. पण गप्प बसण्याइतकी निर्लज्जही नाही. सोबत सही केलेलं निवेदन आहे. माझ्या लेखातलं काय चुकलं आणि गावात खरं काय चालतं ते त्यात सरळ लिहिलं आहे. सुनावणीत ते तू वाच. एक प्रत मी सरांच्या टेबलावर ठेवून आले.

शेजारणीने जे म्हटलं ते मला कळलं असं तिला सांग. लोभ कमी झाला असेल तर तो पुन्हा मिळवायची संधी दे.

तुझी,
भिंगरी


१६ जुलै

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

मी पत्र लिहितो आहे म्हणजे काही बिघडलं असं समजू नकोस. बिघडलं आहेच, पण मी लिहितोय म्हणून नव्हे. तुझ्या मावशीचा घसा बसला आहे. लिहायला घसा लागत नाही असं मी म्हणून पाहिलं. तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तेव्हापासून मी लिहितो आहे.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्येच झाली. मावशीने तुझं निवेदन खणखणीत आवाजात वाचायला घेतलं. या गावात तळ्यावरून सतत भांडणं होतात, इथपर्यंत ती आली आणि शेजारीण ताडकन उठली. हे धादांत खोटं आहे, आमच्या तळ्यावर कुणी भांडत नाही, उगाच गावाची बदनामी नको, असं तिने ठणकावलं. त्यावर जाळेवाली म्हणाली, की हे बोलायचा हक्क निदान तुला तरी नाही. मग कुणी कुणाच्या वाट्याचा काठ खाल्ला ते निघालं. आजोबांनी दुर्बीण उंचावून साक्ष द्यायला सुरुवात केली. साहेबांनी टेबल वाजवलं, तर जाळेवाल्याने त्यांनाच खाली बसायला सांगितलं. मी कुणाचीच बाजू घेतली नाही, म्हणून सगळे माझ्यावर ओरडले. कोण कुठे आणि कधी कापतो, कोण कुठे जाळं टाकतो, कोण त्यांना अडवतो, तळ्याचे सगळे नियम त्या गदारोळात साहेबांच्या कानांवर आदळले. तुझ्या निवेदनाला याहून चांगला पुरावा मिळाला नसता.

साहेबांनी लिहून घेतलं ते असं, की ग्रामस्थांत टोकाचे मतभेद असून तळं त्यांच्या हाती सोपवणं धोक्याचं आहे. म्हणजे भांडत नव्हतो म्हणून तळं गेलं, आणि भांडतो म्हणून परत मिळालं नाही.

सगळे पांगल्यावर तुझी मावशी हॉलच्या पायरीवर नुसतीच बसून राहिली. शेजारणीने तांब्याभर पाणी आणून तिच्याजवळ ठेवलं आणि निघून गेली. तुझं काय झालं ते कळव. मावशी विचारत नाही, पण पोस्टमन दिसला की दुकानाबाहेर येते.

तुझे,
काका


३ ऑगस्ट

ती. मावशी आणि काकांस,
सा. न. वि. वि.

सादरीकरणात मी लेखाऐवजी निवेदनच मांडलं. सरांनी तिथल्या तिथे सांगितलं, की या विद्यार्थिनीचं मार्गदर्शन आपल्याला यापुढे जमणार नाही. सगळे आपापल्या कागदांत पाहू लागले. तेवढ्यात समितीतल्या एक बाई म्हणाल्या, की ते सभेचं रेकॉर्डिंग त्यांना ऐकायचं आहे. ऐकताना त्यांनी आवाज वाढवायला सांगितलं. आता मी त्यांच्याकडे आहे. पहिल्यापासून सुरुवात करायची आहे, शिष्यवृत्ती बंद झाली आहे, संध्याकाळी शिकवण्या घेते.

लेख मी मागे घेतला. तसं खात्यालाही कळवलं. उत्तर अगदी तत्परतेने आलं. त्यांनी आभार मानले आहेत आणि कळवलं आहे, की निर्णय आता माझ्या लेखावर अवलंबून नसून सुनावणीतल्या निरीक्षणांवर आधारलेला आहे.

मावशी, ओरडायचं असेल तर घसा बरा झाल्यावर ओरड. मी वाट पाहते आहे.

तुमची,
भिंगरी


२७ मे

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

गेल्या खेपेला फार लिहिलं नाही. घडत काही नव्हतं आणि वास मात्र येत होता. कुणी कापेना तेव्हा लव्हाळा माजला, पाणी हिरवं झालं आणि एका सकाळी मासे पोट वर करून तरंगले. साहेब लोक नाकाला रुमाल लावून आले आणि लव्हाळा काढण्याचं कंत्राट निघालं. त्या चिखलात उतरायला आमच्या समितीशिवाय कुणी पुढे आलं नाही. तेव्हा आम्ही आमच्याच तळ्यावर आता परवानगीने जातो, तेही फक्त पूर्वेच्या काठाने. परवाना त्यांच्या मर्जीवर. फाटकावर लोकसहभागाचा फलक लागला आहे. फोटोतले हसरे लोक कोण, ते आम्हाला कुणालाच माहीत नाही.

पश्चिमेचा काठ अजून बंद आहे. जाळेवाला आणि त्याची बायको शहरात मुलीकडे गेले. तो तिथे एका इमारतीच्या गाड्या राखतो. जायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली होती, बस लागू नये म्हणून गोळ्या घ्यायला. तुझ्या भाचीला लिहायला सांग की आम्ही गेलो, एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

काल वार्षिक सभा झाली. विणीच्या काळातही लव्हाळा कापावा, असा ठराव शेजारणीने मांडला. माशांचं बोलणारं कुणी उरलंच नव्हतं. कुणी उठलं नाही, कुणी ओरडलं नाही, सर्वानुमते मंजूर झाला आणि टाळ्या वाजल्या. हॉलमध्ये एवढी शांतता मी आजवर ऐकली नव्हती. मीसुद्धा हात वर केला होता.

आज सकाळी मी त्या ठरावावर सही करायला नकार दिला आणि सभा पुन्हा बोलावली. येत्या रविवारी आहे. शेजारीण दुकानात येऊन वाटेल ते बोलून गेली, काउंटरवरची बरणीसुद्धा फुटली. तिच्याही पोटाचा प्रश्न आहे, हे मी जाणून आहे. काका म्हणतात, एकटीने किती भांडशील. तू ये. रेकॉर्ड करायला नको, बोलायला ये. जाळेवालीइतकं तुला येणार नाही, पण तिची बाजू तू तिच्याच तोंडून ऐकली आहेस. बस लागत असेल तर गोळी निघण्याआधी घे.

माया कागदावर मावत नाही, म्हणून इथेच थांबते.

तुझी,
मावशी