कोटाचं दुसरं बटण

तीर्थस्वरूप मामांना,

शिरसाष्टांग नमस्कार (आठांतून गुडघे तेवढे वजा करा, ते पायमशिनने खाल्ले). खोकला कसा आहे? तुमचं रागाचं पत्र पोचलं. कंबर सैल करायला दिलेला कोट दोन महिने झाले तरी का आला नाही, निवृत्तीच्या समारंभाला मी बनियनवर जाऊ का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. कोट सुखरूप आहे. फक्त तो सध्या नाटकात काम करतो.

मी ज्या नाटकाचा कपडेपट सांभाळतो, त्याच्या नाटककारांना (माणूस सुतळीएवढा, पण डोकं!) नवा कोट नको होता. खांद्यांचा आकार कापडात उरलाय असा, वापरलेला हवा होता. माझ्या खुंटीवर तुमचा होता. प्रसंग असा. नवरा बोटीबरोबर बुडाला, हे लोकांना पहिल्या अंकातच कळतं. बायकोला पत्ता नाही. तो येणार म्हणून ती त्याच्या कोटाचं लोंबणारं दुसरं बटण शिवायला बसते, आणि निरोप्या येऊन दारात उभा राहतो. तिने मान वर केली की संपलं! आधी इथे दोन पानं आक्रोश होता. नाटककारांनी सगळा खोडला. म्हणाले, "मास्तर, तिनेच रडून घेतलं तर लोकांनी काय करायचं?" आता नुसती सुई आणि दोरा. एकदा जात नाही, दुसऱ्यांदा जात नाही. तालमीत रोज बघूनसुद्धा माझ्या हातातली इस्त्री जागच्या जागी थांबायची (एक पायजमा त्यात गेला).

आणि गेल्या आठवड्यात, पहिल्याच प्रयोगाला, मी माती खाल्ली. पडदा उघडायच्या आधी ते बटण लोंबताना दिसलं आणि हाताला राहवेना, तीस वर्षांची खोड! दुहेरी दोरा, खाली चार वेढे, पक्की गाठ. विंगेत उभा राहिल्यावर आठवलं, पण तोवर पडदा उघडला होता. बायकोचं काम करणाऱ्या बाईंनी कोट मांडीवर घेतला, बटण चाचपलं, घट्ट! (गेली नोकरी, म्हटलं.) मग त्यांनी बटण दातात धरलं आणि तोडायला लागल्या. माझा दोरा, तो कसला तुटतोय! निरोप्या दारात उभाच. नवऱ्याचं बटण आपल्या हाताने शिवायला मिळावं म्हणून ती बाई ते उपटत होती, मामा. शेवटी तुटलं. सुईत दोरा पहिल्या खेपेलाच गेला. आणि तिने मान वर केली. देवाशप्पथ, असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

पडदा पडल्यावर मी नाटककारांच्या पाया पडायला वाकलो, तर त्यांनीच माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "रोज एवढंच घट्ट शिवा." केवढा माणूस! तर रोज मी शिवतो, रोज बाई तोडतात. कोट काही समारंभापर्यंत सुटत नाही. नवा शिवून देतो, रागावू नका.

तुमचा भाचा

ता. क. कोट कुणाचा, असं नाटककारांनी तालमीतच विचारलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर एवढी आशा होती की "मामांचा, वारले" असं तोंडातून निघून गेलं. आता प्रयोगाआधी सगळी मंडळी तुमच्यासाठी दोन मिनिटं उभी राहतात. तेव्हा समारंभाचा फोटो तेवढा पेपरात देऊ नका.

ता. क. दुसरा. मामी माझ्याकडे राहायला आल्यात, त्या पहिल्या प्रयोगाला होत्या. कोट त्यांनी लांबूनच ओळखला. नंतर नाटककार त्यांचं सांत्वन करायला लागले. मी मागून खुणा करत होतो, पण मामी "अहो, ते आहेत" असं म्हणाल्याच नाहीत, नुसत्या डोळे पुसत राहिल्या. पुढच्या आठवड्यात तिकडे येताहेत. आल्या की तुमच्याकडे बघत बसतील. काही विचारू नका, बसून राहा.