मागून हाक

बाबा, टार्निटहून, आमच्या उपनगरातून, शहरात जाणाऱ्या ट्रेनमधून नदीकाठी एका देवीची उंच मूर्ती दिसते. इतकी वर्षं मी तिच्याकडे एकदा पाहायचे आणि पुन्हा फोनमध्ये डोकं घालायचे. तुमच्या नातीने युनिव्हर्सिटी सोडून दूर उत्तरेला, डार्विनला, समुद्रात माल पोचवणाऱ्या सप्लाय बोटीवर डेकहँड म्हणून जायचं ठरवलं, तेव्हापासून मात्र नदी यायच्या आधीच मी खिडकीला चिकटते. "टू मंथ्स, आई. नॉट फॉरेव्हर," ती म्हणते. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घरात भांडी जरा जोरात ठेवत होते, इतकंच.

ऑफिसातली माझी मलेशियन चिनी मैत्रीण म्हणाली, "ती माझू. समुद्रावरच्या माणसांना सांभाळणारी. रविवारी देवळात तिचा वाढदिवस, चल." गेले. उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरत होते. संत्र्यांचे ढीग, आयुष्य वाढावं म्हणून न तोडता शिजवलेल्या लांबच लांब नूडल्स. कौलसुद्धा लावतात, बाबा. आपल्याकडे देवाला कळ्या चिकटवून कुठली पडते ते पाहतात, तिथे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे खाली टाकतात. पोरीला अडवू का, असं मी मनात विचारलं. दोन्ही तुकडे सपाट बाजू वर करून पडले.

"देवी हसली," मैत्रीण म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे उत्तर तुला ठाऊक आहे. उगाच तिला कामाला लावू नकोस."

मग नूडल्स खाताना तिने गोष्ट सांगितली. माझू लहान मुलगी होती, तेव्हा तिचे वडील आणि भाऊ वादळात सापडले. ती घरी मागावर बसल्या बसल्या डोळे मिटून त्यांच्यापाशी पोचली. काहींना हातांनी धरलं, एका भावाला दातांत. पोर निपचित पडलेली पाहून आई घाबरली, हाका मारत सुटली. मुलीने 'ओ' दिली आणि दातांतला भाऊ सुटून बुडाला. सगळे मुलीला नमस्कार करत होते, मी त्या आईपाशीच अडकले.

आणि तुम्ही आठवलात. तुमचा डबा ओट्यावर राहिलाय, मी वाळूतून धावतेय, "बाबा, बाबा" ओरडतेय. तुम्ही थांबता, पण वळत नाही. मी जवळ आल्यावर डबा घेता आणि म्हणता, "निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. पुढे येऊन उभं राहायचं." मग तुम्ही थोडा वेळ वाळूत बसून राहिलात, अपशकुन टळावा म्हणून, आणि होडीवर गेलात. संध्याकाळी नेहमीसारखे परतलात. पुढे कितीतरी वर्षांनी घरीच, अंथरुणात गेलात. पण डब्याचा तो अख्खा दिवस मी समुद्राकडे पाठ करून बसले होते.

आज सकाळी पोरीला स्टेशनवर सोडलं. गाडीतून उतरताना म्हणाली, "आई, से समथिंग." मी म्हटलं, "ये." आपण 'जा' म्हणत नाही, हे तिला ठाऊक आहे. ती हसली आणि बॅग खांद्यावर टाकून निघाली. ती गेटपाशी पोचली तेव्हा मला मागच्या सीटवर तिचे बोटीवर घालायचे जाड बूट दिसले. पुढे जाऊन उभं राहायला वेळ नव्हता, ट्रेन येत होती. तोंडाशी आलेलं नाव मी दातांत धरलं, आणि हॉर्न दाबला. चांगला लांबलचक. सगळं कार पार्क वळलं, तीही वळली.

मैत्रीण म्हणते, गेलेल्या माणसांसाठीचे कागद देवळाच्या भट्टीत जाळले की त्यांना पोचतात. हा कागद मी जाळणार नाही. तरी पोचलाच, तर हॉर्न म्हणजे हाकच, असं तुम्ही म्हणाल.