मामाले सांगू नका

आइंडहोवन, नेदरलँड
दि. १ ऑगस्ट २०२४

चि. सौ. सुलोचनेस सेवकदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघे लेकीकडे, तृप्तीच्या घरी, सुखरूप पोचलो. फोन केला असता, पण तुझा मोबाईल असतो तुझ्या यजमानांच्या, केवळरामजींच्या बंडीच्या खिशात, आणि प्रत्येक फोन स्पीकरवर टाकून ते अंगणभर फिरतात. गेल्या वेळी माझ्या पोटाची तक्रार तुझ्या शेजारच्या चंद्रकलेने कुंपणापलीकडून ऐकली आणि साकोलीला माझ्या घरी इसबगोल पाठवून दिला. म्हणून हे पत्र.

गाव स्वच्छ आहे. माणसे हळू बोलतात. शेजारी हेंक आणि वाउटर नावाचे दोन भाऊ राहतात, दोघेही सत्तरीला आलेले. बायका वारल्या असाव्यात, कारण घरात बाईमाणूस दिसत नाही. बिचारे इस्त्रीसुद्धा स्वतःच करतात. तुझ्या वहिनीला सांगून मी रोज त्यांना डबाभर भाजी पाठवतो. आपल्याकडे शेताच्या हातभर धुऱ्यासाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात, आणि हे दोघे चाळीस वर्षे एका छताखाली आहेत. तृप्तीला हे म्हटले तर ती खोकत खोकत आत गेली. तिला इथली हवा मानवत नसावी.

आता मुख्य मुद्दा. तुझा योगेंद्र तेहतीस वर्षांचा झाला. करडी गावच्या मंजुषाच्या वडिलांना मी शब्द दिला आहे. दिवाळीनंतर सिहोऱ्याच्या मंडईच्या जत्रेला सारे नातलग जमतातच, आपल्या भागात अर्ध्या सोयरिकी तिथेच जुळतात, तर करडीची मंडळीही पाहुणी म्हणून येतील आणि मुलगी पाहणे उरकून घेऊ. पोराचे काही ऐकू नकोस. मी वीस ऑक्टोबरला परत येतोच.

वहिनीचे आशीर्वाद. लोभ वाढला नाही तरी चालेल, आटू मात्र देऊ नये.
तुझा,
सेवकराम

---

सिहोरा, ता. तुमसर
दि. १८ ऑगस्ट २०२४

ती. सेवकदादास सुलोचनाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र भेटलं. पोस्टमननं आधी चंद्रकलेले दाखवलं, मंग मले देलं. इसबगोलानं गुण आला का, असं तिनं विचारलं हाय.

इकडं धानाची रोपं लावून झाली, रोवणा आटोपला. यंदा मजूर बाया भेटेना, म्हणून योगेंद्र आन चंदन नागपुराहून चार दिवसाची सुट्टी काढून आले. चंदन म्हणजे तोच, चष्म्याच्या दुकानवाला. पाच वर्षांपासून दोघं एकाच घरात रायतेत. पोरगा विणकराच्या घरचा, चिखलात कधी उतरला नव्हता. पहिल्या दिवशी धानाच्या बांधीत बसला तं उठताच येईना. चौथ्या दिवशी आमच्या जुन्या मजुरीण शकुंतलाबाईच्या बरोबरीनं रोवत होता. तुमचे जवाई, म्हणजे आमचे हे, त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. ते कोणाशीच बोलत नाही, फोन सोडून.

मंजुषाचं म्हणाल तं दादा, यंदा राहू द्या. मागच्या साली पोराची दाढ दुखत होती, त्याच्या आदल्या साली परीक्षा होती, हे तुमी म्हणालच. मले आता नवीन काही सुचून नाही राहिलं. खरं तेवढं लिहून टाकते. पोरगा म्हणते, पाहण्याचा कार्यक्रम ठेवला तं मंडईले येत नाही, आन मंग कधीच येत नाही. एकुलता एक हाय माझा. तुमच्या जवायाले सांगावं तं ते म्हणतेत, मामा म्हणतीन तसं. लग्नाच्या गोष्टीत ह्या घरात तुमचा शब्द चालते, माझा नाही. म्हणून पाया पडून सांगणं, थांबा.

आन ते दोघं भाऊच हायेत न? एकदा तृप्तीले नीट विचारून घ्या.

वहिनीले नमस्कार. राग आला तरी माया पातळ करू नका.
तुमची,
सुलोचना

---

आइंडहोवन
दि. ५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. सुलोचनेस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू हे पत्र खाटेवर बसून वाच.

रविवारी हेंकचा सत्तरावा वाढदिवस झाला. पंचवीसेक माणसे होती. मी पस्तीस वर्षे शाळेत भाषणे केलेला माणूस, कोणी न विचारताच उभा राहिलो. इंग्रजीत सांगितले की एका आईच्या पोटी अशी दोन रत्ने विरळाच, आणि यांच्या बायका आज असत्या तर त्यांचे डोळे भरून आले असते. मग एक म्हातारी अशी हसत सुटली की तिच्या हातातला केक तिच्याच मांडीवर पडला. हेंकने मला आत नेऊन भिंतीवरचा फोटो दाखवला. दोघे सूट घालून, हातात हात, समोर रजिस्ट्रार. सुलोचने, ते नवरा-नवरा आहेत. तेवीस वर्षांपासून, कायद्याने.

मी दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी वाउटर डबा परत द्यायला आला. रिकामा डबा परत करू नये ही रीत त्याला कोणी शिकवली कोण जाणे, आत सफरचंदाचा केक होता. रागावलात का, असे त्याने विचारले. वांग्याची भाजी तिखट झाली होती का, असे मी विचारले. मग आम्ही दोघांनी मिळून त्याच्या बागेतले टमाटरचे वेल बांधले. माणूस चांगला आहे. गाठ मात्र सैल मारतो.

तेव्हापासून सारखा विचार करतो आहे. काय मोकळी माणसे ही. आणि आपण? आपल्या सिहोऱ्याला हे शंभर वर्षांत पचणार नाही. परत आलो की साकोलीच्या वाचनालयात यावर व्याख्यान देणार आहे. समाजाला कोणीतरी शिकवले पाहिजे. तुला धक्का बसला असेल, तर थोडे पाणी पी.

मंजुषाचे पक्के आहे. दाढ, परीक्षा काही चालणार नाही.

सगळ्यांना आशीर्वाद. दूर आहे म्हणून विसर पडू नये.
तुझा,
सेवकराम

---

सिहोरा
दि. २२ सप्टेंबर २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

पाणी पिली. धक्का काही बसला नाही. आता तुमी खाटेवर बसा.

सिहोऱ्याले पचून पाच वर्षं झाली, दादा. फक्त तुमाले वाढलं नव्हतं.

योगेंद्र आन चंदन तुमच्या त्या दोघांसारखेच हायेत. कायदा नाही, भिंतीवर फोटो नाही, बाकी सारं तेच. पोरानं मले सांगतलं तेव्हा मी आठ दिवस रडली. नववा दिवस उजाडला आन नागपुराहून निरोप आला, योगेंद्राले डेंगू झाला म्हणून. मी पोचली तं चंदन त्याच्या उशाशी बसून गुरगुट्या भात चमच्यानं चारत होता, आन माझा पोरगा लहानपणी मले करे तशी कटकट त्याच्याशी करत होता. माझं रडणं तिथंच सरलं.

चंद्रकलेले माहीत हाय. शकुंतलाबाईले माहीत हाय, रोवण्यात ती चंदनले आमची सून म्हणून चिडवत होती आन तो हासत होता. गाव काही देव नाही. तुमच्या जवायाच्या मोठ्या भावानं आमच्या घरचं अन्न सोडलं. पानठेल्यावर काही लोक बोलतेत, आन त्यातलेच दोघं चंदनपासून फुकट डोळे तपासून घेतेत. तृप्तीले माहीत हाय. वहिनीले बी माहीत हाय.

सारे एकमेकाले एकच सांगत आले, मामाले सांगू नका. काहून म्हणाल तं तुमी ऐकत नाही, दादा, तुमी तपासता. माणूस बोलाले लागला की तुमच्या हातात लाल पेन दिसते. आता तुमच्या नाकावरचा चष्मा चंदननंच करून देला, पण त्यातून तुमाले परदेशातले दिसले, घरचे दिसले नाही.

वाचनालयात व्याख्यान देऊ नका. करडीले फोन करून शब्द मागं घ्या. तेवढं केलं तं माझा पोरगा घरी येईन. नाही केलं तं मी एकटीच मंडईत पाहुण्यायले वाढीन, आन तुमच्या ताटात मीठ जास्त टाकीन.

लिहिण्यात जास्त-कमी झालं असन. लहान बहीण म्हणून पोटात घाला.
तुमची,
सुलोचना

---

आइंडहोवन
दि. १० ऑक्टोबर २०२४

चि. सौ. सुलोचनेस आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले. पहिल्यांदा रागाने. दुसऱ्यांदा तुझ्या वहिनीला जाब विचारण्यासाठी मोठ्याने. ती पोळ्या लाटत म्हणाली की तुम्ही कधी विचारले? तिसऱ्यांदा एकट्याने वाचले. भाच्याला माझी भीती वाटते हे वाचून फार वाईट वाटले. विद्यार्थ्यांना वाटावी अशी माझी इच्छा होती, त्याला वाटावी अशी नव्हती.

दुपारी वाउटरकडे गेलो. त्यांच्या लग्नाच्या फोटोत घरचे वडीलधारे कोणी का नाही, असे विचारले. तो म्हणाला की वडीलधारा असा एक काका होता, तो आला नाही, आणि पुढे भेट न होताच वारला. काका कसा होता, असे विचारले. फार शिकलेला, शिस्तीचा, घरादाराला सल्ला देणारा, असे तो म्हणाला.

तिथून परत येऊन करडीला मी स्वतः फोन केला. प्रकृतीचे कारण सांगा, असे तुझी वहिनी म्हणत होती. मी सरळ सांगितले की माझा भाचा लग्न करणार नाही, त्याने आपला जोडीदार शोधला आहे, आणि मी न विचारता तुम्हाला शब्द दिला, ही माझी चूक. मंजुषाच्या वडिलांनी मला पंधरा मिनिटे सुनावले. आमच्या पोरीले काय खेळणं समजले का, असे म्हणाले. त्यांचे बरोबर होते. मी मधे बोललो नाही. असे माझ्या आयुष्यात प्रथमच झाले.

आता एक अडचण आहे. मामाने भाच्याच्या पाया पडायचे, ही आपली रीत. भाचसून आली की तिच्याही पडायचे. मग चंदनच्या पडायचे की नाही? वाउटरला विचारावे म्हटले, तर त्याला मामा म्हणजे काय हे समजवण्यातच अर्धा तास गेला. तुला काय वाटते ते कळव. मी तपासणार नाही.

मोठ्या भावावर माया ठेवावी.
तुझा,
सेवकराम

---

सिहोरा
दि. १४ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. तृप्तीस आत्याचे आशीर्वाद. वि. वि.

तुझे बाबा आल्यापासून त्यायनं कोणाले एक सल्ला देला नाही. दोन-तीन लोक तब्येत विचाराले येऊन गेले.

त्यायनं मले चंदनच्या पाया पडण्याचं विचारलं होतं, त्याचं उत्तर मी काही धाडलं नाही. म्हटलं, ह्या वक्ती दादानं आपल्या मनानं करावं.

रविवारी मंडई झाली. योगेंद्र येते का नाही, मले भरवसा नव्हता. करडीचं मिटलं म्हणून मी त्याले चारदा सांगतलं, तं तो म्हणे, मामाच्या तोंडून ऐकीन तेव्हा खरं. अकराच्या बसनं दोघंही उतरले. चंदनच्या हातात मिठाईचा डबा, आन योगेंद्राचं तोंड असं, की पेपराले बसाले आला.

अंगणात पाहुणे भरले होते. तुझ्या फुफाजीचे, म्हणजे आमच्या ह्यायचे, मोठे भाऊ बी होते, जेवत नाही पण मंडईचं येणं सोडत नाही. तुझे बाबा उठले. योगेंद्राच्या पाया पडले, ते दरसालचंच हाय. मंग चंदनकडं वळले आन वाकले. चंदनले काही समजेना, एवढा मोठा माणूस वाकून राहिला पाहून तो मागं सरला. बाबा एक पाऊल पुढं, तो एक पाऊल मागं, असं करत दोघं पार गोठ्यापाशी पोचले. म्हैस उठून उभी झाली. शेवटी चंदनच बाबाच्या पाया पडाले वाकला, आन दोघायची डोकी अशी आपटली की शकुंतलाबाई पदरात तोंड घालून खालीच बसली.

तुझे फुफाजी ओसरीवरून उतरले. ह्या गोष्टीवर पाच वर्षांत त्यायनं ना बरा ना वाईट, एक शब्द काढला नव्हता. मले वाटलं, आता झालं आपलं. त्यायनं चंदनचे दोन्ही खांदे धरले, त्याले सरळ उभं केलं, आन साऱ्याले ऐकू जाईन असं म्हणाले की मागं सरू नको, ह्या घरच्या पोराच्या पाया मामा पडते, पडू दे त्याले.

चंदन उभा रायला. दादा त्याच्या पाया पडले. योगेंद्र गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून रडला, आन मी साऱ्यायच्या समोर रडली.

मोठे भाऊ उठून चालले गेले. दरसाल त्यायच्या नावानं एक ताट मी वाढून ठेवत असते, की कधी तरी बसतीन. ते ताट थंडं होत होतं. तुझ्या फुफाजीनं ते उचललं आन चंदनसमोर ठेवलं.

जावयबापूले आशीर्वाद सांग. इकडची ओढ ठेवजो, पोरी.
तुझी,
सुलोचना आत्या