पुलाजवळच्या घरची लाईन

गुरुवार, १८ ऑक्टोबर

सगळ्यात आधी आली ती झुल्मिराच! दुसरं कोण येणार? माझं कोबीचं सूप अजून उकळलंही नव्हतं. वरच्या आळीतून उतार उतरून आली, एप्रन तसाच, हाताला चेस्टनटच्या काटेरी टरफलांचे ओरखडे. दारातूनच — "देओलिंडे, तुझ्याकडे इंटरनेट आलं म्हणे! आणि मला टेलिफोनवाल्याच्या गाडीवरून कळावं?"

आलं म्हणजे काय, आमच्या आर्मिंदोने तिकडे फ्रान्समध्ये बसून बसवून दिलं. "आई, रोज तुझं तोंड तरी दिसेल." हो हो. पोटच्या पोराचं पोटातलं मला कळत नाही? मी इथे एकटी राहू शकते का, ते त्याला बघायचंय. थंडी पडायच्या आत मला खाली शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवायचं त्याच्या मनात आहे. खोली धरून ठेवलीय! अकरा नोव्हेंबरला संत मार्टिनचा सण, तोवर सांग म्हणाला. मी कसली सांगतेय.

तर झुल्मिरा. तिच्या घरी इंटरनेट माझ्या आधीपासून आहे, पण चालेल तर शपथ. पडद्यावर चाक फिरत बसतं. "पोरीचं कपाळ येतं, हनुवटी येतच नाही गं!" म्हणून माझ्याकडे बसून जिनिव्हाला लेकीला फोन लावला. आणि आली की सगळी पोरगी! कपाळ, हनुवटी, मागचं कपाटसुद्धा. झुल्मिरा आधी रडली. मग केस का कापलेस म्हणून तिच्याशी भांडली. मी सूप ढवळत ऐकत होते. किती दिवसांनी या खोलीत कुणी भांडलं!

शनिवार, २० ऑक्टोबर

टेलिफोनवाला अबीलियो पुन्हा आला, राहिलेलं काम करायला. जाड मिशा, बसताना गुडघे वाजतात — माझ्यासारखे. मी विचारलं, बाबा, मला मिळतं ते वरच्या आळीला का नाही? एकच ना तार?

म्हणाला, "आजी, तार शहरातून निघते ती रस्त्याने, खांबाखांबावरून. पुलाजवळ तुमचं घर पहिलं. तुमच्या भिंतीवरच्या पेटीतून पुढे वर चढते. जुनी, बारीक, ठिकठिकाणी जोडलेली. वाट लांबली की आतला आवाज विरतो. प्रत्येक जोडाला थोडा सांडतो. वर पोचेपर्यंत उरतं काय?"

मी म्हटलं, हे तू मला शिकवतोस?

अरे, अख्ख्या गावात एकच टेलिफोन होता, तो या भिंतीवर! मी नवी नवरी. पॅरिसहून, अंगोलाहून, कुठून कुठून फोन यायचा — "फिर्मिनोला बोलवा, पुन्हा लावतो." की मी धावत गॅलरीत. बेंबीच्या देठापासून हाक मारायची. झुल्मिराच्या घरापर्यंत हाक पोचायची. फिर्मिनोच्या नाही. मग झुल्मिरा तिच्या दारातून पुढे ओरडायची. एकदा मी "बहीण बाळंत झाली" सांगितलं, ते वर "गाय व्याली" होऊन पोचलं. फिर्मिनो बादली घेऊन आला!

अबीलियो हसून हसून खाली बसला. "आजी, इंटरनेटचं अगदी हेच होतं. अर्धं पोचतं, पुन्हा मागवावं लागतं, म्हणून चाक फिरतं."

मग त्याला भिंतीवर दुसरी तार दिसली. गोठ्याकडे गेलेली. ती माझ्या आदेरितोने ओढली होती — दूध काढताना मला घंटा ऐकू यावी म्हणून. धावत येताना मी दोनदा पडले होते, तेव्हा. तोंडात खिळे धरून ठोकत होता आणि तसाच माझ्याशी बोलत होता. एक शब्द कळत नव्हता.

"ही फांदी काढावी लागेल," अबीलियो म्हणाला. "सिग्नल तिकडे शिरतो, पुढे काहीच नसतं, मग परत येऊन चांगल्याला धडकतो." मी म्हटलं, काढ. त्याने पक्कड लावली, आणि मी म्हटलं, थांब. गोठ्यात जाऊन आले. गाय नाही आता, लाकडं आहेत. तारेवरून जरा हात फिरवला. मग म्हटलं, हं, काप.

कापली. आणि खरंच, वेग वाढला! झुल्मिराला सांगितलं तर म्हणते, "बघ, इतकी वर्षं तुझ्या नवऱ्याचं प्रेमच मध्ये येत होतं." मेली.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

आज पाच जण! बसायला जागा नाही. कोठारातलं लांब बाक पुसून आणवलं.

रविवार, २८ ऑक्टोबर

फिर्मिनो टाय बांधून आला. नातवंडं लक्झेंबर्गला आहेत. पडद्यासमोर हॅट काढून उभाच राहिला — ग्रासिएत म्हणाली, "काका, बसा ना, ते काही पाद्री नाहीत!" ग्रासिएत म्हणजे वरच्या आळीतली सगळ्यात तरुण बाई, पन्नाशीची. तिचा नवरा पण तिकडेच, बांधकामावर. तो पडद्यावर आला की सगळ्यांनी छताकडे बघायचं असं ठरलंय. दोघं दोन शब्द तरी बोलतील! झुल्मिरा छताकडे बघता बघता मध्येच म्हणते, "त्याला सांग, दाढी कर."

हे बाक तेच आहे. यावरच बायका विणकाम घेऊन वाट बघायच्या, घंटा वाजेपर्यंत. आफ्रिकेत लढाई होती, गावातली पोरं तिकडे, तेव्हा तर विणकामच चालायचं, बोलणं नाही. फोन ठेवून वळलेल्या बाईच्या तोंडाकडे कुणी बघायचं नाही. नुसतं सरकून जागा करायची. आनंदाची बातमी असली की ती स्वतःच ओरडायची. मी अख्ख्या गावाचं सुखदुःख या खोलीत ऐकलं आणि बाहेर अवाक्षर काढलं नाही. एवढी बडबडी मी!

मग घरोघर टेलिफोन आले. चांगलंच झालं म्हणा. पण बाक कोठारात गेलं ते गेलंच.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

कबरस्तानात शेवंती वाहिली. आदेरितोला सांगितलं, तुझी तार कापली, रागावू नकोस, वेग वाढला.

घरी आर्मिंदोचा फोन. सगळे बसलेले असताना! थांब म्हणायच्या आत बोलून मोकळा — "आई, वृद्धाश्रमवाले विचारतायत. इतक्या थंडीत तू एकटी—"

झुल्मिरा मध्ये घुसली. "एकटी? मग आम्ही काय, टेलिफोनचे खांब?"

"तसं नाही झुल्मिरा मावशी, पण रोज थोडंच कुणी येतं..."

"रोज! आमच्या घरी लाईन मेलीय. येणार नाही तर जाणार कुठे?"

फिर्मिनो म्हणाला, "माझी तर पार मेलीय." ग्रासिएतनेही मान हलवली. आर्मिंदो म्हणाला, बघू.

वृद्धाश्रमातल्या त्या खोलीला खिडकी आहे म्हणतो. मला खिडकी नको, दार हवं. कुणीतरी ढकलून आत येईल असं.

बुधवार, ७ नोव्हेंबर

धो धो पाऊस. तरी आले. फिर्मिनो डोक्यावर पोतं घेऊन.

रविवार, ११ नोव्हेंबर

संत मार्टिन! चुलीवर चेस्टनट भाजले, नवी वाईन काढली. खोलीत धूर, हसणं, सगळ्यांची बोटं काळी. आर्मिंदोने लावलं. सगळे एकदम पडद्यात घुसायला बघतायत. मध्येच चित्र अडकलं — आर्मिंदोचं तोंड उघडं ते उघडंच. झुल्मिराने त्याच्या तोंडासमोर चेस्टनट धरला, "खा रे लेकरा!" कितीतरी वेळ तसंच. कुणी उठलं नाही.

चित्र सुरू झालं तेव्हा तो हसत नव्हता. "आई, मागे सर," म्हणाला, "सगळी खोली बघू दे." मी सरले. तो एकेकाला बघत राहिला. ग्रासिएत, फिर्मिनो, बाक, चूल. मग हळूच म्हणाला, "त्या वृद्धाश्रमात एवढा गोंगाट नाही गं. ती खोली दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगतो."

झुल्मिरा ओरडली, "ऐकू नाही आलं! परत म्हण!" ऐकू आलं होतं तिला. दोनदा म्हणवून घेतलं.

बुधवार, १४ नोव्हेंबर

पुलाशी अबीलियोची गाडी दिसली. हाक मारून आत बोलावलं, उरलेल्या वाईनचा पेला दिला. म्हटलं, बाबा, माझं झालं, आता वरच्या आळीचं बघ. बिचारे पावसात उतरून येतात. लाईन पार मेलीय त्यांची.

त्याने पेला खाली ठेवला. "आजी, वर नवी पेटी बसवली ना! जुन्या शाळेमागे. शहरापासून त्या पेटीपर्यंत नवी तार, मग घराघरापर्यंत जुनी तार फक्त हाकेच्या अंतराची. सगळ्या संतांच्या सणाआधीच, ऑक्टोबर संपायच्या आत सुरू झाली. झुल्मिराबाईंकडे मीच लावून दिलं. आता गावात सगळ्यात संथ लाईन कुणाची असेल, तर ती तुमची!"

माझा पाय वर चढत नाही, मी कुठली बघतेय शाळेमागे! ट्रक वर गेलेला पाहिला होता. झुल्मिरा म्हणाली, पाण्याचा पाइप. मी मानलं!

म्हणजे फिर्मिनो पोतं डोक्यावर घेऊन... म्हणजे रविवारी चित्र अडकलं, तेव्हा सगळ्यांच्या घरी सगळी माणसं सबंध दिसली असती, आणि एकही उठलं नाही!

अबीलियो म्हणाला, "तुमचीही लाईन त्या पेटीला जोडून देऊ?" मी म्हटलं, घाई नाही.

तो गेल्यावर बाकावर बसून होते. आधी हसले, मग डोळे पुसले. मग एक विचार आला, तो काही जाईना. खोली सुटली, आर्मिंदोने सांगितलंसुद्धा. त्यांचं काम झालं. आता कशाला उतरतील?

आज कुणी आलं नाही.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

झुल्मिरा तिच्या दारातून ओरडली, "देओलिंडे! लाईन अजून मेलेलीच आहे गं! रविवारी येतो सगळे!" मी गॅलरीत जाऊन विचारलं, दुरुस्त कधी होणार? म्हणाली, "आता कुठली होतेय!"

रविवारी. अठरा तारखेला.